सहीपुरता आर्किटेक्ट

गोव्यातला माणूस घर दुरुस्तीला काढतो तेव्हा सर्वांत आधी टाइल्सच्या दुकानात जातो. मग कंत्राटदाराला बोलावून, ओसरीवर बसवून, चहा पाजून 'किती होतील?' असे विचारतो. मग मुंबईच्या काकांना फोन. मग कोणीतरी मेस्त येतो, वाशांवर हातोडीने ठकठक करतो आणि 'हे सगळे बदलावे लागणार' असे सांगून निघून जातो. एवढे सगळे ठरून झाले, अगदी न्हाणीघरातल्या बेसिनचा रंगसुद्धा ठरला, की घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येते की पंचायतीत नकाशा द्यावा लागेल. तेव्हा आर्किटेक्टची आठवण होते. 'एक सही हवी होती हो,' म्हणत आपण त्याच्या दारात उभे राहतो.

मला या 'एक सही हवी होती'चा राग येतो. ज्याला सर्वांत आधी विचारायचे त्याला आपण सर्वांत शेवटी विचारतो, आणि विचारतो ते काय, तर शिक्का आहे ना? घर शंभर-सव्वाशे वर्षांचे. पणजोबांनी बांधलेले, आजोबांनी मागे पडवी जोडलेली, वडिलांनी पुढे सिमेंटचा कठडा घातलेला. चार पिढ्यांच्या बाळंतपणांपासून तेराव्यापर्यंत सगळे त्या छपराखाली झालेले. अशा घराला कोण हात लावणार हे ठरवताना आपण जेवढा विचार करतो, त्याहून अधिक विचार मुलाला गणिताची शिकवणी लावताना करतो.

मागणी असली की पुरवठा होतोच. घर न पाहता, जागेवर पाऊल न ठेवता सही करून देणारे मिळतात. त्यांना मी फार दोष देत नाही. आपण सहीच मागितली, त्यांनी सही दिली.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण इथे शिकल्यासवरल्या माणसांचाही गोंधळ असतो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे संरक्षण त्या उपाधीला आहे, कामाला नाही. म्हणजे नोंदणी नसलेला माणूसही घराचा आराखडा करू शकतो, फक्त त्याने 'आर्किटेक्ट' ही पाटी लावायची नाही. परवान्यासाठी कोणाची सही चालते, हा स्थानिक नियमांचा वेगळा प्रश्न. तेव्हा पाटी नीट वाचा. 'प्लॅनर', 'डिझायनर', 'बिल्डिंग कन्सल्टंट' असे चार शब्द असतील आणि नेमका पाचवा नसेल, तर तो का नाही हे विचारा. नोंदणी क्रमांक 'सीए'ने सुरू होतो आणि मध्ये नोंदणीचे वर्ष असते. तो मागायला लाजू नका. डॉक्टरच्या भिंतीवरची पदवी आपण वाचतोच की! (आणि वास्तुशास्त्रवाला वेगळा. तो ईशान्य दिशेची चौकशी करतो, गळतीची करत नाही.)

अर्थात नोंदणी म्हणजे शहाणपण नव्हे. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

गोव्यात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत घरांच्या दुरुस्तीचे जे नाटक झाले, ते कोणत्याही गावात बसस्टॉपवर उभे राहून पाहता येते. आधी कौले काढून स्लॅब घातला, कारण कौले म्हणजे गरिबी, स्लॅब म्हणजे प्रगती. मग चार-पाच पावसाळ्यांत स्लॅब गळू लागला. त्यावर डांबर ओतले, रसायनांचे थर दिले, तरी गळतोच. शेवटी स्लॅबच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा उभा केला आणि वर पत्रे घातले. म्हणजे छप्पर काढून छप्पर घातले, मध्ये एक निरुपयोगी मजला तयार झाला, त्यावर आता मोडक्या खुर्च्या आणि चवथीची मखरे ठेवतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत कोसळणारा, अशा मुलखात उतरते छप्पर का असते हे सांगायला कोणी नव्हते असे नाही. कोणाला विचारलेच नव्हते.

भिंतींचेही तेच. आपल्या जुन्या घरांचे चिरे बहुधा मातीत बसवलेले असतात, वर चुन्याचा गिलावा. चिरा पाणी पितो आणि चुन्यातून ते हळूहळू बाहेर सोडतो. जोत्यातून वर चढलेली ओल अशी उडून जाते. त्यावर सिमेंटचा पक्का गिलावा चढवला की ओल आत कोंडते. दोन वर्षांत रंगाला पोपडे येतात, गिलावा ढोलासारखा वाजू लागतो, आणि यजमान म्हणतात, 'भिंतच कुजकी होती, पाडायलाच हवी होती.' भिंत शंभर वर्षे उभी होती. कुजवली आपण.

हे ज्याला ठाऊक आहे तो आर्किटेक्ट ओळखायचा कसा? तो पहिल्या भेटीत शिडी मागतो. माळ्यावर चढतो, आढ्यापाशी नाक नेऊन वाळवीचा वास घेतो, भिंतीवर बोटाने टिचकी मारतो, 'पाणी कुठून येते?' असे घरातल्या बाईमाणसाला विचारतो. कारण पुरुष सांगतात, 'फारसे नाही हो गळत.' पातेली कुठे कुठे ठेवावी लागतात ते बायकांना माहीत असते.

आणि जो शिडी मागत नाही, मोबाइल काढून चित्रे दाखवतो, त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे. सहीवाल्याने नुकसान केले ते अज्ञानाने. हा दुसरा करतो ते आत्मविश्वासाने, आणि आपण टाळ्या वाजवतो.

या चित्रांतले घर तुम्ही पाहिलेले आहे. पिवळ्या किंवा निळ्या भिंती, पांढऱ्या कडा, पुढे बाल्कांव, त्यात दोन बाजूंना सोपे, खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने, दारात मातीच्या कोंबड्याचे चित्र असलेली घरक्रमांकाची फरशी. 'पोर्तुगीज व्हिला.' बाहेरच्या शहरांतून सुटीसाठी दुसरे घर घेणाऱ्यांना हे विकले जाते, आणि त्यात मला आश्चर्य वाटत नाही. त्यांना गोवा म्हणजे तेवढाच दाखवला गेला आहे. आश्चर्य वाटते ते अंत्रुजातला, डिचोलीतला, पेडण्यातला आपला माणूस स्वतःच्या घराला हा पोशाख चढवतो तेव्हा. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या नव्या काबिजादी. पोर्तुगीज अमलाखाली त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. तिथल्या हिंदू घरांची मांडणी, म्हणजे बाहेर ओसरी, आत राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, भोवती खोल्या, देवाची खोली, मागे न्हाणी आणि विहीर, ही कोकणच्या मातीतली मांडणी आहे. बार्देश-सासष्टीतली बाल्कांवाची घरे सुंदरच आहेत, तीही गोव्याच्याच मेस्तांनी गोव्याच्याच चिऱ्यात बांधली. पण ती त्या कुटुंबांच्या राहणीतून आली. बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून बसतो. राजांगण घराच्या पोटात बसते. एकाचे तोंड काढून दुसऱ्याला लावले तर घराचे जे होते त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, सोंग म्हणतात.

फोंडा तालुक्यातल्या एका घरात मी गेलो होतो. नाव-गाव सांगत नाही, माणसे भली आहेत. मोठ्या शहरातून आर्किटेक्ट आणलेला. राजांगणावर पारदर्शक पत्रा घालून त्याचा 'लिव्हिंग एरिया' केलेला, मध्ये काचेचे टेबल, वृंदावन उचलून बाहेर गेटपाशी. दिसायला झकास. छायाचित्रेही कुठेकुठे छापून आली. मी गेलो तेव्हा मे महिना होता आणि दुपारी तीन वाजता त्या 'लिव्हिंग एरिया'त कोणीही लिव्हत नव्हते. सगळे मागच्या पडवीत पंखा लावून बसले होते. राजांगण म्हणजे घराचे नाकच. तापलेली हवा तिथून वर निघून जाते, बाजूच्या खोल्यांतून गार हवा ओढली जाते, पाऊस पडतो तो दगडी पन्हळीतून बाहेर वाहून जातो. नाक बुजवले की माणूस तोंडाने श्वास घेतो. त्या घराने तीन एसी लावून घेतले.

तिथेच मी यजमानांना विचारले, 'चवथीला माटोळी कुठे बांधता?'

ते वर बघू लागले. वर जिप्समचे छत, त्यात गोल दिवे. पूर्वी तिथे पाटया होत्या, पाटयांना लोखंडी कड्या, त्यांना माटोळीची लाकडी चौकट. नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, तोरिंगे, चिबूड, रानातून आणलेली कसली कसली फळे, असा सगळा भार त्या कड्या पेलायच्या. आता गणपतीच्या मागे एक स्टँड उभा करतात, कपडे वाळत घालायचा असतो तसा, आणि त्याला चार नारळ बांधतात. 'काय करणार, आर्किटेक्टला कल्पना नव्हती,' ते म्हणाले.

त्याला नसेलही. पण त्याने विचारले का नाही? आणि आपण सांगितले का नाही? मला वाटते हिंदू गोमंतकीयाने आर्किटेक्ट निवडताना दुसरे काही जमले नाही तरी हा एक प्रश्न विचारावा: माटोळी कुठे बांधायची? 'माटोळी म्हणजे काय?' असे कोणी विचारले तर हरकत नाही, बसवून सांगा. जो ऐकून घेऊन लगेच पाटया बघायला वर मान करतो, तो कुठल्याही गावचा असो, आपला माणूस. 'ते नंतर बघू' म्हणणारा दोन मैलांवरचा असला तरी परका. कारण माटोळीच्या प्रश्नात सगळे आले. छत काय पेलेल, गणपती कुठे बसेल, आरतीला चाळीस माणसे आणि घुमटवाले कुठे उभे राहतील, पाहुण्यांच्या पंगती कुठे बसतील, रात्री इतकी माणसे निजतील कुठे. वर्षातून पाच दिवसांचा हा प्रश्न नाही. उरलेले तीनशे साठ दिवस हे घर त्या पाच दिवसांच्या भरवशावर एकत्र राहते. वाटेकरी मुंबईला, पुण्याला, दुबईला. त्यांना घरी आणणारा तेवढाच एक धागा आहे.

ओपन किचनबद्दल मी बोलणार नव्हतो, पण राहवत नाही. ज्या घरात रोज मासळी तळली जाते आणि शेजारी देवाची खोली आहे, त्या घरात मधली भिंत पाडण्याची कल्पना ज्याला सुचते त्याने आधी आमच्या घरी सोमवारी आणि मग मंगळवारी जेवायला यावे. असो.

आता उलट्या बाजूचेही सांगितले पाहिजे. वारशाचे नाव घेऊन घरातल्या माणसांना छळणारेही आर्किटेक्ट आहेत. त्यांना सगळे होते तसेच हवे असते. उंच उंबरठे, काळोखी माजघर, आवाराच्या टोकाला संडास. ऐंशी वर्षांच्या आईला पावसात रात्री छत्री घेऊन तिथपर्यंत जावे लागते, हे त्यांच्या नकाशात कुठेच नसते. घर म्हणजे म्युझियम नव्हे. आणि 'होते तसे' म्हणजे कधीचे? ज्या मंगळुरी कौलांसाठी आपण आज गहिवरतो, त्यांचा कारखाना बाझल मिशनने मंगळूरला काढला तो १८६५ साली. त्याआधी आपल्याकडे नळे होते. म्हणजे आपल्या पणजोबांनीही घर 'मॉडर्न' केलेच होते! आईच्या खोलीला लागून संडास-न्हाणी द्यायची, पण छपराची रेघ मोडायची नाही, पाण्याचे नळ चिऱ्याच्या भिंतीत न गाडता बाहेरून न्यायचे, सोक पिट विहिरीपासून दूर ठेवायचा, हे जमवणे हाच तर या धंद्यातला कस आहे. नवीन प्लॉटवर बंगला कोणीही बांधतो. तिथे कागदावर जे आहे तेच जागेवर येते. जुन्या घरात गिलावा खरवडला की भिंत नवीनच काहीतरी सांगू लागते. तिथे बुजवलेले दार निघते, कुजलेली तुळई निघते, मध्येच चिऱ्याऐवजी नुसती माती निघते. त्या दिवशी आर्किटेक्ट जागेवर हवा. व्हॉट्सॲपवर फोटो मागवून उत्तर देणारा नको.

म्हणून दूरच्या मोठ्या नावापेक्षा जवळच्या माणसाकडे माझा कल आहे. आल्तिनोवर १९८२ पासून आर्किटेक्चरचे महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांच्या किती तुकड्या झाल्या! त्यातल्या अनेकांनी विद्यार्थीदशेत अशीच जुनी घरे फीत लावून मोजलेली असतात. जेरार्ड द कुन्हा यांनी तोर्ड्याला गोव्याच्या घरांचे संग्रहालय उभारले. लॉरी बेकरांचा वारसा सांगणारा हा माणूस गोव्यात काम करत आला. म्हणजे ज्ञान इथे आहे. आपण ते विकत घ्यायला तयार नाही, एवढेच.

'विकत' म्हटले की फीचा विषय येतो. ग्रॅनाइटला लाखो रुपये मोजणारा माणूस आर्किटेक्टची फी ऐकून दचकतो. 'चार रेघा तर काढायच्या!' पण आर्किटेक्टांनाही एक सांगायचे आहे. एकूण खर्चाच्या टक्क्यावर फी घेण्याची तुमची पद्धत दुरुस्तीच्या कामात उफराटी आहे. जुना वासा वाचवणाऱ्याची फी घटते, तो फेकून नवा आणायला लावणाऱ्याची वाढते. अशी काढलेली दारे, खांब, कोरीव चौकटी पुढे जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हॉटेलांच्या लॉबीत जाऊन उभ्या राहतात ते आपण पाहतोच. दुरुस्तीला ठोक रक्कम ठरवावी, टप्प्याटप्प्याने द्यावी, आणि जागेवरच्या फेऱ्या किती, हे आकड्यात लिहून घ्यावे. तोंडी काही नको. गोव्याच्या घरात एक-चौदाच्या उताऱ्यावर पाच-सात नावे असतात. त्यांतल्या एकाने जरी 'मला न विचारता भिंत पाडली' म्हणून हरकत घेतली की काम उघड्या छपरासकट थांबते आणि वरून मृग कोसळतो. पहिल्याच भेटीत कागदपत्रे मागणारा आर्किटेक्ट तुम्हाला खवचट वाटेल. तो शहाणा आहे.

कोणी म्हणेल, एका घराच्या दुरुस्तीवर एवढा आरडाओरडा कशाला. मग मोठे घर घ्या. कला अकादमी आपल्या सगळ्यांचे घर. नाट्यस्पर्धांच्या रात्री आठवा. मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरियांसारख्या, मुळात गोव्याच्याच, वास्तुविशारदाने ती उभी केली. ती दुरुस्तीसाठी २०२१ मध्ये बंद झाली. काम निविदा न काढता दिले गेले. त्याबद्दल विधानसभेत विचारणा झाली तेव्हा तत्कालीन कला-संस्कृती मंत्र्यांनी शहाजहानने ताजमहालासाठी तरी कुठे निविदा मागवल्या होत्या, अशा अर्थाचे उत्तर दिले. जुलै २०२३ च्या पावसात, काम चालू असतानाच, खुल्या रंगमंचावरचे छप्पर कोसळले. नोव्हेंबरात वास्तू उघडली आणि कलाकारांच्या ध्वनी-प्रकाशाबद्दलच्या तक्रारी सुरू झाल्या. आम्ही सगळ्यांनी तेव्हा सरकारला शिव्या घातल्या, मीही घातल्या. पण कोण दुरुस्त करणार, त्याला आधी अशी वास्तू हाताळल्याचा अनुभव काय, मूळ रचना त्याला कळते का, हे प्रश्न आपल्या घराच्या ओसरीवर आपण तरी कुठे विचारतो? शहाजहान आपल्याही घराघरात आहे.

तेव्हा आर्किटेक्टने दाखवलेल्या छायाचित्रांवर जाऊ नका. ती काम संपल्यावर, माणसे राहायला येण्याआधी, डिसेंबरच्या उन्हात काढलेली असतात. त्याने पाच-सात वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या घराचा पत्ता मागा. तिथे जुलैत जा, पाऊस लागला असेल त्या दिवशी. घरमालकाशी बोलू नका, त्याने पैसे घातलेले असतात, तो चांगलेच सांगणार. स्वयंपाकघरात जे कोणी असेल त्यांच्याशी बोला. धूर जातो का, ओटा ओला राहतो का, कपडे कुठे वाळतात, सासूबाई न्हाणीपर्यंत एकट्या जातात का. आर्किटेक्ट पत्ता द्यायला का-कू करू लागला तर तुमचे काम तिथेच संपले.

पत्ता मिळाला, घर पसंत पडले, तरी सगळे काम एकदम देऊ नका. आधी फक्त घर मोजून द्यायला सांगा. प्रत्येक भिंत, प्रत्येक तडा, प्रत्येक तुळई कागदावर. आणि छपराचा अहवाल. याचे वेगळे पैसे द्या, हसत द्या. तो कागद हातात आला की माणूस कसा बघतो ते कळते, आणि पुढे त्याच्याशी नाही जमले तरी मोजमाप तुमच्याकडे राहते, उद्या काकांच्या मुलांनाही उपयोगी पडेल. हे सगळे पावसाळ्यात करा. गळती तेव्हाच दिसते. दिवाळीनंतर बोलावलेला आर्किटेक्ट कोरडे घर पाहून जातो, आणि एप्रिलमध्ये कौले काढायची वेळ येते तेव्हा गावात छपरावर चढणारा एक माणूस मिळत नाही.